सात दिवसांच्या प्रशिक्षणातून लोहारकाम येतं का?

प्रश्न असा आहे: "मी बी.कॉम. झालोय, घरात कुणी लोहार नाही. पाच-सात दिवसांचं लोहारकामाचं सरकारी प्रशिक्षण घेतलं तर अवजारं बनवता येतील का, की नुसतं प्रमाणपत्र हातात पडेल?"

भाऊ, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. हेच माझ्या सख्ख्या भावाने मला भर अंगणात ऐकवलं होतं: "सात दिनमा कोनी लोहार व्हस का?" तेव्हा मी गप्प बसले. त्याला जे सांगायचं राहिलं ते आज इथे सांगते.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, लोहाराचं घर. चौदाव्या वर्षापासून मी घण मारते. त्यात नवल काही नाही. घिसाड्यांचा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांचा, तळ रस्त्याकडेला पडतो तेव्हा बघा, पुरुष बसून सांडशीत लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. आमच्याकडेही तेच. आबा ऐरणीपाशी, समोर आई, ती दमली की मी. आबा हातोडीने जिथे टिचकी देतील तिथेच घण पडला पाहिजे, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. भाऊ सुरतेला कामाला गेला आणि आठ वर्षं तिकडेच राहिला. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की पहिल्या पावसापर्यंत आमच्या दारात वखराच्या पासा, कोळपी, कुऱ्हाडी, विळे, खुरप्या यांचा ढीग पडायचा. त्या आठही हंगामांत घणावर मी होते.

पण सांडशी मला कधी मिळाली नाही. एकदा मागितली, तर आबा म्हणाले, "सांडशी धरस तो लोहार. घण तं कोनीबी मारस."

लोखंड भट्टीतून कधी काढायचं, मार कुठे बसवायचा, कुठे थांबायचं, पाणी कधी द्यायचं, म्हणजे तापलेलं लोखंड बुडवून कडक कधी करायचं, हे सगळं सांडशी धरणारा ठरवतो. समोरचा फक्त ताकद देतो. म्हणून वीस वर्षं घण मारूनही माणूस "मदतीला असतो" आणि तीन महिने सांडशी धरलेला पोरगा "कारागीर" म्हणवतो. सासरी, पारोळ्याकडे, सासऱ्यांच्या भट्टीवरही मी घणच मारला.

तुम्ही म्हणता ते सरकारी प्रशिक्षण मी केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून घेतलं. ही कारागिरांसाठीची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. एका कुटुंबातून एकालाच अर्ज करता येतो. नवरा ट्रकवर असतो, म्हणून अर्ज माझ्या नावाने गेला. पहिलं प्रशिक्षण ४० तासांचं, दिवसाला ५०० रुपये भत्ता. केंद्र कुठलं ते लिहीत नाही. वर्गात बायका दोनच होतो.

पहिले तीन दिवस गॉगल, हातमोजे, कोळसा कसा रचायचा, ब्लोअर कसा चालवायचा, मोबाईलवर पैसे कसे घ्यायचे यात गेले. चौथ्या दिवशी जोड्या पाडल्या. माझ्या जोडीला विशीतला एक मुलगा आला. त्याने न विचारता सांडशी उचलली. शिकवणारे सरही म्हणाले, "ताई, तुम्ही घण घ्या, तुम्हाला सवय आहे." मी म्हटलं, नाही सर, सवय आहे म्हणूनच घण नको. आवाज चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी त्या मुलाच्या हातातून सांडशी घेतली आणि मला दिली.

पहिला तुकडा मी जाळला. भट्टीत जास्त वेळ ठेवला, पांढरा पडला, बाहेर काढला तर दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. जळलेलं लोखंड परत चांगलं होत नाही, कापून टाकावंच लागतं. आयुष्यात हजारो तुकडे घणाखाली तापलेले पाहिले होते, पण "आता काढ" हे स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. दुसरा तुकडा नारिंगी असतानाच काढला आणि तो बरा निघाला.

मग पाणी द्यायची वेळ आली. त्या दुपारसाठी मी ते सात दिवस पुन्हा दहा वेळा करीन.

आबांची पद्धत मी हजारदा पाहिली होती. खुरपं तापवायचं, धारेचा बोटभर भाग पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून धार दगडावर दोनदा घासायची, मान वाकवून बघत बसायचं आणि एकदम पुन्हा पाण्यात टाकायचं. ते काय बघतात हे कधी सांगितलं नाही. हे काम ते नेहमी छपराखाली, उन्हाकडे पाठ करून करायचे. मला वाटायचं, उन्हाचा त्रास होतो म्हणून.

सरांनी सांगितलं, धार विझवली की ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. पाठीत मात्र ऊब शिल्लक असते. ती हळूहळू धारेकडे सरकते आणि घासून उजळ केलेल्या पट्टीवर रंग चढत येतात: आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळसर म्हणजे २२० ते २३० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबवलं तर धार जास्त कडक राहते पण दगड लागला की तुकडा उडतो, निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर चिवट होते. आबा तो रंग बघत होते. छपराखाली यासाठी, की उन्हात तो दिसतच नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर तीन फुटांवर उभी होते.

ट्रकच्या कमानीच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या) पाट्याचं एक खुरपं मी पूर्ण केलं. पाणी मीच दिलं, जांभळ्याच्या जरा पुढे. ते घेऊन माहेरी गेले. भाऊ तेव्हा सुरतेहून परत आला होता. त्याने प्रमाणपत्र बघितलं आणि अंगणात ते वाक्य टाकलं. आबांनी प्रमाणपत्राकडे पाहिलंही नाही. खुरपं घेतलं, ऐरणीवर टण्‌कन वाजवलं, धारेवर कानस फिरवून बघितली. मग विचारलं, "हाई पानी कोनी दिन्ह?" मी म्हटलं, मी. ते उठले आणि भिंतीच्या खुंटीवरची त्यांची बारकी सांडशी आणून माझ्यापुढे ठेवली. भाऊ आत निघून गेला.

आता तुमच्याकडे येते. सात दिवसांत मला मिळाली ती माझ्या हातांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची नावं, कारणं आणि सांडशी. तुमच्याकडे हातच नाहीत. तुम्हाला नावं मिळतील, हात मिळणार नाहीत. ४० तासांत रंग ओळखायला शिकाल, पण सांडशीत लोखंड न घसरता फिरवणं आणि एका तापात दहा मार अचूक बसवणं याला एक पूर्ण हंगाम लागतोच. तेव्हा भाऊ म्हणाला ते तुमच्या बाबतीत खरं आहे. माझ्या बाबतीत नव्हतं, आणि हा फरक त्याला कळायला हवा होता, कारण ती आठ वर्षं भट्टी कुणी पेटती ठेवली हे त्याला माहीत होतं.

आणि वेल्डिंगच्या दुकानाला लोहारकाम म्हणू नका. पत्रा कापून जोडणं वेगळं, लोखंड ओढून त्याला धार आणणं वेगळं.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. विश्वकर्मा योजना तो व्यवसाय आधीपासून स्वतःच्या हाताने करणाऱ्यांसाठी आहे. अर्जाची पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. १५,००० रुपयांचं अवजारांचं व्हाउचर किंवा ५ टक्क्यांचं कर्ज (पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाख) डोळ्यांसमोर ठेवून खोटी माहिती भरू नका, तुमचा अर्ज त्यात बसत नाही. नोकरीच्या दृष्टीने शिकायचं असेल तर आयटीआयला फिटर करा. दोन वर्षं लागतात, पण कानस, माप आणि हात पक्के होतात.

पोट भरतं का, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराच्या फाळाचं काम जवळजवळ गेलं. बाजारात तयार खुरपी स्वस्त मिळते. पण ती एका निंदणीत बोथट होते आणि बाया ती पाजवायला आमच्याकडेच आणतात. रावेर-यावलकडे केळीची पिलं कापायला चांगला विळा लागतो, कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायचे चिमटे लागतात. माझ्याकडे काम कमी नाही, घण मारायला माणूस कमी आहे.

सुरुवात करायचीच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. भट्टीजवळ टेरिकॉट नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं, सुतीच घाला. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत टाकू नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो. लोखंड कुठलं घ्यायचं? बांधकामाची साधी सळई कितीही विझवली तरी धार धरत नाही. कमानीचा पाटा घ्या, पण तो थेट पाण्यात पूर्ण बुडवलात तर तडकेल. तेलात विझवा, किंवा आबांसारखी फक्त धार बुडवा. किती तापवायचं हे नजरेला कळत नसेल तर लोहचुंबक लावून बघा. ७७० अंशांच्या आसपास तो चिकटायचा थांबतो. त्याहून थोडं वर न्या आणि विझवा.

खरंच शिकायचं असेल तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पारोळ्याकडे या. दीड महिना राहायला लागेल, जेवण आमच्याकडे, पैसे घेणार नाही. घण मारावा लागेल, पण पहिल्याच दिवशी सांडशीही हातात देईन. पहिला तुकडा जाळाल. तो कापून बाजूला ठेवू आणि दुसरा तापवू.