सरडा खात नाही? वाटीआधी दिवा तपासा

पाळलेल्या सरड्यांबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार असते: नवा आणला आणि खातच नाही. वाटीत काय ठेवलं हे सगळे सविस्तर लिहितात. पेटीत तापमान किती, हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू आणलं. कोपऱ्यात बसून असतं, पोटावर काळपट रेघा दिसतात, अळी दाखवली की तोंड फिरवतं. माणसांची सवय व्हावी म्हणून मुलं त्याला दिवसभर हातात घेतात. (ठाणे)

हातात घेणं आजपासून बंद. पोटावरच्या त्या रेघा बहुतेक वेळा ताणाच्या असतात. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, लपायला जागा द्या आणि नियमित खाऊ लागेपर्यंत फक्त साफसफाईपुरता हात आत घाला. सकाळी दिवा लागल्यावर तास-दीड तासाने, अंग तापलं की छोटे रातकिडे सोडा. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. दहा-पंधरा मिनिटांत उरतील ते काढून घ्या, कारण रात्री तेच रातकिडे पिल्लाला चावतात. पिल्लाच्या अंगात साठा फार नसतो. तापमान नीट असूनही आणखी दोन-तीन दिवसांत काहीच खाल्लं नाही, तर ताज्या विष्ठेचा नमुना घेऊन सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

प्रश्न : आमचा ड्रॅगन तीन आठवडे नीट खात नाही. दुकानदाराने लाल बल्ब दिला, त्यात यूव्ही असतं म्हणाला. शिवाय पेटी खिडकीपाशी आहे, काचेतून ऊन येतं. आता तो म्हणतो, सिरिंजने अंडं आणि व्हिटॅमिनचे थेंब पाजा. किती पाजू? (पुणे)

एक थेंबही नाही. आणि हे उत्तर शेवटपर्यंत वाचा.

सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचं पचन चालतं. थंड पोटात ढकललेलं अन्न पचत नाही, आत कुजतं. पोट असं बंद असताना भूक लागत नाही, ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. त्यात नवख्या हाताने सिरिंज वापरली, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ड-३ जीवनसत्त्वाचे थेंब बेहिशेबी पाजले, तर तेही विषासारखे बाधतात.

लाल बल्ब उष्णता देतो, यूव्हीबी (सरड्याला लागणारे अतिनील किरण) नाही. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, उष्णता मात्र आत येऊ देते. म्हणजे पेटीत ऊन दिसतं, हवं ते मिळत नाही आणि दुपारी भट्टी होते ती वेगळीच. यूव्हीबीशिवाय कातडीत ड-३ बनत नाही, ड-३ शिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं मऊ पडतात. जबडा मऊ पडलेला सरडा किड्याकडे झेपावतो आणि त्याला चावताच येत नाही. घरचे म्हणतात, नखरे करतो. बोटं थरथरणं, पाय सुजल्यासारखे दिसणं ही त्याच आजाराची लक्षणं आहेत.

तेव्हा पेटीच्या एका टोकाला पांढऱ्या उजेडाचा तापवणारा दिवा लावा. त्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा, दुसरं टोक २५ ते २८. काचेला चिकटवायच्या गोल तापमापकावर विसंबू नका, वायरच्या टोकाने मोजणाऱ्या डिजिटल तापमापकाने (प्रोब) मोजा. यूव्हीबीची लांब ट्यूब वेगळी लावा, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. बारीक जाळीही बरंचसं यूव्हीबी खाते. उजेड दिसत राहिला तरी ट्यूबमधलं यूव्हीबी घटत जातं, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांनी, ती बदला. रात्री पूर्ण अंधार, लाल दिवासुद्धा नको. दुकानातले विजेवर तापणारे दगड आणि 'कॅल्शियमची वाळू' असेल तर परत करा. पहिल्याने पोट भाजतं, दुसरी आतड्यात अडकते.

हे सगळं आज करा, पण तपासणी त्यासाठी लांबवू नका. तीन आठवडे म्हणजे उशीरच झाला आहे. जबड्याचा एक्स-रे आणि विष्ठेची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. पाजायची गरज असेल तर अंगातलं पाणी भरून काढल्यावर, काय आणि किती, हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : हिरवा इग्वाना पपई आणि उकडलेलं अंडं आवडीने खातो, पाला खात नाही. चालेल का? (कोल्हापूर)

नाही. इग्वाना पाला खाणारा प्राणी आहे. आतड्यातले जिवाणू पाला आंबवून त्याला पोसतात. अंडं आणि कुत्र्याचं खाणं यांनी पुढे मूत्रपिंडं निकामी होतात. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं बारीक चिरून द्या. सुरुवातीला पपई नुसती चवीपुरती मिसळा आणि कमी करत न्या. पालक, चुका, राजगिरा रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अळू मुळीच नको. पेटी उंच हवी, आत फांद्या आणि दमट हवा. आणि हा प्राणी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर वन विभागाकडे चौकशी करा. 'कागद लागत नाहीत' हे विकणाऱ्याचं म्हणणं झालं, कायद्याचं नाही.

प्रश्न : मोठ्या लेपर्ड गेकोने (पाळीव पालीने) दहा दिवस खाल्लं नाही. शेपटी जाडजूड आहे. (डॅलस)

शेपटीत चरबी साठलेली असते, घाबरू नका. उबेची जागा ३२ अंशांच्या आसपास ठेवा, दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा शेपटी बारीक झाली, तर लगेच डॉक्टर.

प्रश्न : शेतातले नाकतोडे पकडून दिले तर? (सांगली)

फवारणीच्या शेतातले नको. काजवे तर चुकूनही नकोत. काही काजव्यांतलं विष इतकं जहाल असतं, की एका किड्याने बिअर्डेड ड्रॅगन मरू शकतो. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या डोंगराळ भागात काजवे दिसू लागतात, तेव्हा संध्याकाळी उघड्या दाराजवळ पेटी ठेवू नका. खाल्ला असं वाटलं, तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न : बांधावर घोरपडीचं पिल्लू सापडलं, घरी आणलं आहे. काय खायला घालू? (सातारा)

काहीही नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. बाळगणं गुन्हा आहे. आत्ताच वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

प्रश्न : घरात दोन वर्षांचं बाळ आहे. सरड्याची वाटी सिंकमध्ये धुतली तर चालते ना? (नाशिक)

स्वयंपाकघरात नको. धडधाकट सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि लहान मुलांना तो गंभीर आजारी पाडतो. वाटी वेगळ्या बादलीत धुवा, त्यानंतर साबणाने हात. पाच वर्षांखालच्या मुलाला सरडा हाताळू देऊ नका. बाळाला ताप आणि जुलाब झाले, तर घरात सरडा आहे हे बालरोगतज्ज्ञांना सगळ्यात आधी सांगा.