प्रार्थनेत देव जवळ आहे असं वाटतच नाही

"रोज अर्धा तास प्रार्थना करते, पण समोर कोणीच नाही असं वाटतं. माझा विश्वास संपला का?" चाळिशीतल्या एक बाई ही चिंता घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असं विचारणारे बहुतेक जण नेमाने प्रार्थना करणारेच असतात, ज्यांनी प्रार्थना सोडली, ते हा प्रश्न घेऊन येत नाहीत.

त्यांना विचारलं, प्रार्थनेची पहिली दोन मिनिटं कशी जातात? बसल्या बसल्या विनंत्यांची यादी सुरू व्हायची. मधूनमधून "काही जाणवतंय का" हे तपासणं चाले, आणि नाही जाणवलं की आवाज वाढे. म्हणजे बोलणं देवाशी आणि लक्ष स्वतःच्या मनावर. अशा वेळी कोरडेपणा येणारच.

जाणीव आणि भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देव इथे आहे हे विश्वासाने मान्य करणं ही जाणीव. शांती, डोळ्यांत पाणी, मन भरून येणं या भावना. आल्या तर देणगी, मागून मिळत नाहीत. बायबलमध्ये बेथेल इथे झोपेतून उठलेला याकोब म्हणतो, परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते समजलं नव्हतं (उत्पत्ती 28:16). त्याला समजलं नव्हतं तेव्हाही परमेश्वर तिथे होताच.

त्यांच्यासाठी सुरुवात बदलली. लोयोलाच्या संत इग्नेशियसने 16व्या शतकात दिलेली एक साधी सूचना घेतली: प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं, प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली छोटी प्रार्थना) म्हणायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात एकच विचार, प्रभू माझ्याकडे पाहतो आहे. मग नमन करून बसायचं. अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं, यादी शेवटच्या तीन मिनिटांत. मन भरकटलं की स्वतःला न रागावता "प्रभू, तू इथे आहेस" एवढं म्हणून परत यायचं. भरकटल्याबद्दल माफी मागत बसलं तर त्यातच दहा मिनिटं संपतात.

हे थोडे दिवस चाललं आणि वेगळीच अडचण पुढे आली. "पाहतो आहे" म्हटलं की त्यांचं अंग आखडायचं. लहानपणी "देव सगळं बघतो" हे त्यांनी फक्त धाक म्हणून ऐकलं होतं. खरं तर त्यांच्या कोरडेपणाचं मूळ इथेच होतं: ज्या नजरेची भीती वाटते, तिच्यासमोर माणूस यादी वाचतो आणि निघतो. अशा वेळी नजरेचा विचार तात्पुरता बाजूला ठेवावा. संत फ्रान्सिस द सेल्सने 1609 साली देवाच्या सान्निध्यात येण्याचे चार मार्ग मांडले: देव सर्वत्र आहे, तो विशेषकरून तुझ्या अंतःकरणात आहे, ख्रिस्त स्वर्गातून आपल्या लोकांकडे पाहतो, तो मित्रासारखा शेजारी आहे अशी कल्पना कर. चारही एकदम करू नयेत, एकच निवडावा. बाईंनी चौथा घेतला, सोबत मार्कच्या शुभवर्तमानातलं वचन 10:51. तिथे येशू आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न आपल्याला विचारला आहे असं धरून उत्तर द्यायचं, मोठ्याने, रोजच्या बोलीत. कल्पनेत चेहरा स्पष्ट दिसलाच पाहिजे असा हट्ट मात्र नको. त्याने डोकं दुखतं, हाती काही लागत नाही.

दिवसभरासाठी एकच सवय दिली: एक काम संपून दुसरं सुरू होताना एक वाक्य. पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात 17व्या शतकात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स कामातच देवाशी असं बोलत राहायचे. त्यांचीसुद्धा पहिली दहा वर्षं फार कष्टात गेली, हे बाईंना मुद्दाम सांगितलं.

एक गोष्ट पहिल्या भेटीतच तपासली होती. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, तर तो फक्त प्रार्थनेचा कोरडेपणा नसावा, डॉक्टरांनाही भेटावं. इथे तसं नव्हतं.

पुढच्या भेटीत बाईंनी सांगितलं, "अजून काही विशेष जाणवत नाही. पण आता मी ते तपासत नाही." मग विचारलं, यादी पुन्हा मोठी केली तर चालेल का? चालेल, फक्त आधी उभं राहायचं.