ओम लिंबूटिंबू होता म्हणून

इरा,

शनिवारी रात्री झोपताना तू विचारलंस, "आई, ओमला माहीत होतं का की तो मोजला जात नाहीये?" मी म्हणलं नाही गं, लहान आहे तो. तर तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "मग तुमच्या मराठीत लबाडी चालते." मी काही बोलले नाही, लाईट बंद करून खाली आले. पण ते 'तुमच्या' फार लागलं मला. बाबा म्हणाला मुलं बोलतात काहीही, सोडून दे. पण तू काहीही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितेय. वाचताना कुठे अडलं तर बाबा वाचून दाखवेल.

आपण पार्कात मामाचं पत्र खेळत होतो. तू ओमच्या मागे रुमाल टाकलास, त्याला कळलंच नाही, तू अख्खी चक्कर मारून आलीस आणि तोच रुमाल त्याच्या पाठीत मारलास. नियमाने राज्य त्याच्यावर. आणि मी म्हणलं असू दे, तो लिंबूटिंबू आहे, पुढे चला. तुझ्या मैत्रिणीने विचारलं म्हणजे काय, मी माझ्या तोडक्या डचमध्ये सांगितलं की छोटं लिंबू, खेळात आहे पण मोजायचं नाही, तर तिला लगेच कळलं, म्हणाली "फोर स्पेक एन बोनन!" म्हणजे इथे अशा मुलाला बेकन आणि बीन्स म्हणतात. माझी ऑफिसमधली तेलुगू मैत्रीण सांगत होती त्यांच्यात 'आटलो अरटिपंडु' म्हणतात, खेळातलं केळं. बंगाली लोक दूधभात म्हणतात. सगळीकडे खायच्याच गोष्टी. तेव्हा हे फक्त 'आमच्या मराठीत' नाहीये, एवढं तरी मला सांगायचं होतं. पण हे काही तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण सगळे करतात म्हणून बरोबर, असं मी तुला कधी म्हणू देत नाही.

साताऱ्याच्या वाड्यात मे महिन्यात आम्ही अकरा भावंडं जमायचो आणि सगळ्यात धाकटी मी, चार-साडेचार वर्षांची. दुपारभर सक्तीने झोपवायचे, पाच वाजता आजीने अंगणात पाणी मारलं की सुटायचो. डोंगर का पाणी ठरलेलंच. पायऱ्या आणि जोतं म्हणजे डोंगर, खालची फरशी म्हणजे पाणी. ज्याच्यावर राज्य त्याला सगळ्यांनी ओरडून विचारायचं, डोंगर का पाणी? तो पाणी म्हणाला की पाणी त्याचं, आपण पटापट वर चढायचं आणि मुद्दाम खाली उतरून त्याला चिडवायचं. बंडूमामा माझ्या अगदी मागे यायचा, हात लांब करून, त्याच्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि दर वेळी मी सुटायचे. मला वाटायचं मीच सगळ्यात जोरात पळते. रात्री आजीच्या कुशीत मी तिला हेच सांगायचे आणि ती हं म्हणायची. लिंबूटिंबू हा शब्द मी रोज ऐकत होते पण मला ते लाडाचं नाव वाटायचं.

एक दिवस शैलामावशीने सगळ्यांना मोजलं आणि म्हणाली दहा जण. मी म्हणलं अकरा. ती म्हणाली, अगं तू लिंबूटिंबू ना. मग सगळं एकदम कळलं. मी जिन्याखाली जाऊन बसले, बाहेर खेळ चालूच होता, आणि पळण्यात हरले असते तर जेवढं वाईट वाटलं असतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वाटलं. तू जे ओमसाठी विचारलंस ते मला तेव्हा माझ्यासाठी विचारता आलं नव्हतं.

समजावायला वगैरे कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चकताना बंडूमामाने माझा हात ओढून मध्ये घेतला, बस. आणि राज्य माझ्यावरच आलं. अंधार पडेपर्यंत मला एकालाही पकडता आलं नाही, आई जेवायला हाका मारत होती आणि मी खालूनच ओरडत होते, नाही येणार, माझ्यावर राज्य आहे.

म्हणून मी शनिवारी तसं का वागले ते मला सांगता येतं, पण सगळंच बरोबर होतं असं नाही सांगता येत. ओम आत्ता चार वर्षांचा झालाय, एका पायावर कशाबशा चार उड्या मारतो, लंगडीत खरं खेळवलं तर अर्ध्या मिनिटात बाद होऊन माझ्याशेजारी बाकावर बसेल आणि फोन मागेल. आंधळी कोशिंबीरला डोळे बांधले की घाबरतो म्हणून आपण त्याला एका डोळ्याने बघू देतो, ते तुला कधी लबाडी वाटलं नाही, हो ना? लहानाला पळू द्यायचं, त्याच्यासाठी खेळ थांबवायचा नाही, हे मला अजूनही आवडतं. पण त्याला न सांगता... ते मात्र तू बरोबर पकडलंस.

सगळं जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवायचं असं मी धरून बसलेली नाही गं. आजी पकडापकडीला शिवाशिवी म्हणायची, तो शब्द मी तुमच्यासमोर मुद्दाम वापरत नाही, त्याचा दुसरा अर्थ फार वाईट आहे, तो तुला एकदा नीट बसून सांगेन. तुम्ही डचमध्ये टिकर्त्ये म्हणता ते चांगलंय.

येत्या शनिवारी तुला नको असेल तर नको, तुम्ही तुमचं खेळा. पण खेळलो तर ओमला आधी तूच विचार, राज्य घ्यायचंय का. हो म्हणाला तर चकताना त्याच्याशेजारी उभी राहा, तो दुसऱ्यांचे हात बघून आपला उलटा करतो. डोंगरासाठी घसरगुंडीजवळचा लाकडी ओटा बरा आहे, फार उंच नाही. आणि कोणी सापडलं नाही म्हणून तो रडायला लागला तर लगेच उचलू नकोस, मलाही उचलू देऊ नकोस.

आई