शेंगदाण्याशिवाय साबुदाणा खिचडी

प्रश्न : मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कूट न घालता खिचडी केली की तिचा गोळा होतो. काय करावे?

उत्तर : कूट दाण्यांवरचा ओलावा शोषून त्यांना सुटे ठेवतो. ते काम सुक्या खोबऱ्याकडून करून घ्या, मात्र खोबरे मुलीला आधीपासून चालत असेल तरच. तीळ आणि काजूही अनेकांना बाधतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

एक वाटी साबुदाणा पाणी नितळ येईपर्यंत धुवा, दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढ्याच पाण्यात पाच-सहा तास भिजवा. चिमटीत दाबल्यावर दाणा पूर्ण चुरडला पाहिजे. मधे कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. चार चमचे किसलेले खोबरे मंद आचेवर बदामी भाजा. पूर्ण गार झाल्यावरच हाताने चुरून मीठ-साखरेसोबत साबुदाण्याला चोळा. दोन चमचे तुपात जिरे, मिरची, उकडलेला बटाटा परता, साबुदाणा घाला. दाणे पारदर्शक दिसू लागताच गॅस बंद. जास्त वाफ दिली की चिकट होतेच.

आणि कुटाचे मिक्सरचे भांडे कृपया वेगळेच ठेवा. झाकणाच्या रबरात राहिलेला कूट नुसत्या विसळण्याने निघत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिने उतरतात, तेही टाळा.