हसताना हिरड्या जास्त का दिसतात?

प्रश्न : मी 24 वर्षांची असून अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहते. हसले की दातांच्या वर हिरड्यांचा रुंद पट्टा दिसतो, त्यामुळे “तोंड मिटून हस” हे मी शाळेपासून ऐकत आले आहे. दिवाळीनंतर स्थळे पाहायला सुरुवात होणार आहे आणि त्याआधी काहीतरी करून घ्यावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. एका डॉक्टरांनी हिरडी कापायला सांगितले, दुसऱ्यांनी ओठाजवळ इंजेक्शन सुचवले, तर तिसरे म्हणाले की तारा लावाव्या लागतील. यांपैकी कोणाचे खरे मानावे?

उत्तर : तिघांनी तीन उपाय सांगितले म्हणून त्यांतले दोघे चुकीचेच असतील, असे नाही. हिरड्या दिसणे हे वरवरचे लक्षण आहे. त्यामागे हिरडी, ओठ, दात किंवा जबडा यांपैकी काहीही असू शकते, अनेकदा दोन गोष्टी एकत्र असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. आपल्या पत्रात तिन्ही उपाय आले आहेत, पण कोणी मोजमाप घेतल्याचा उल्लेख नाही, आणि खरी अडचण मला तिथेच दिसते.

हसताना एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसणे अगदी सामान्य आहे. साधारणपणे तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त दिसू लागली की तिला दंतवैद्यकात ‘गमी स्माइल’ म्हणतात. हे स्त्रियांमध्ये अधिक आढळते, आणि वयाबरोबर वरचा ओठ सैल होऊन खाली येत असल्याने पुढे आपोआप थोडे कमीही होते.

घरी शाळेची पट्टी घेऊन आरशासमोर उभे राहा आणि वरच्या मधल्या दाताची दिसणारी उंची मोजा. ती साधारण 10 ते 11 मिलिमीटर असते. आपला दात आठच्या आसपास भरत असेल आणि बुटका, चौकोनी दिसत असेल, तर दात उगवल्यानंतर हिरडी जितकी वर सरकायला हवी होती तितकी सरकली नसावी. (खालची कड झिजल्यामुळेही दात बुटका दिसतो, तेव्हा तेही पाहून घ्यावे.) अशा वेळी पहिल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य ठरतो. मात्र आतले हाड दाताच्या मुकुटाला, म्हणजे मुळाच्या पुढच्या चकचकीत भागाला, भिडलेले असेल, तर नुसती हिरडी कापून भागत नाही. हाडाची कड आणि हिरडीची नवी कड यांत सुमारे तीन मिलिमीटर अंतर राहील अशा बेताने हाडही थोडे घासावे लागते, नाहीतर कापलेली हिरडी काही महिन्यांत पुन्हा खाली येते. लेसरने केले तरी हा नियम सुटत नाही, त्यामुळे “लेसर आहे, काळजी नको” एवढ्यावर समाधान मानू नये.

दाताची उंची पुरेशी असेल, तर ओठाकडे पाहावे. तोंड सैल सोडून नाकाच्या बुडापासून वरच्या ओठाच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजल्यास स्त्रियांमध्ये ते साधारण 20 ते 22 मिलिमीटर भरते. ते पुरेसे असूनही हसताना ओठ आठ मिलिमीटरपेक्षा जास्त वर उचलला जात असेल, तर ओठ ओढणारे स्नायू अधिक जोरकस आहेत असे समजावे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे, स्नायू तात्पुरते सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन बहुधा यासाठीच असावे. त्याचा परिणाम तीन-चार महिने, क्वचित सहा महिने टिकतो. मात्रा चुकली तर हसू वाकडे दिसते, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तसेच स्नायू-मज्जातंतूंचा आजार असणाऱ्यांना ते देत नाहीत. तरीही परिणाम ओसरणारा असल्यामुळे, ओठ खाली राहिल्यावर चेहरा आपल्याला आवडतो का हे पाहण्याची सोय म्हणून मला तो उपाय पटतो. ओठाच्या आतल्या त्वचेची पट्टी काढून तो खालच्या पातळीवर शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण तिचा परिणाम काही रुग्णांत पुढे अंशतः निघून जातो.

वरचा जबडाच उभ्या दिशेने जास्त वाढलेला असेल, तर ओठ मिटायला जोर लागतो आणि चेहऱ्याचा खालचा भाग लांबट दिसतो. पुढचे दातच खाली उतरले असतील, तर तारा आणि हाडात बसवलेले बारीक स्क्रू यांच्या साहाय्याने ते वर चढवता येतात. जबड्याचा दोष मोठा असल्यास मात्र पूर्ण भूल देऊन तो वर सरकवावा लागतो, आणि आधीच्या-नंतरच्या तारांसह या सगळ्यास दीड-दोन वर्षे जातात. अशा रुग्णाची हिरडी कापली, तर दात लांबट दिसतात, मुळे उघडी पडतात आणि थंड पाणी झोंबू लागते.

म्हणून आपण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. लातूर आणि नांदेड येथेही दंत महाविद्यालये आहेत. हिरड्यांचे, तारांचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटले, की तीन दवाखान्यांची तीन मते जुळवत बसावे लागत नाही. दिवाळीची मुदत घालून घेऊ नका. हिरडीच्या साध्या शस्त्रक्रियेनंतरही कड स्थिर व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आमच्या भागातल्या जुन्या लग्नाच्या अल्बमांत नवरी मान खाली घालूनच बसलेली असे, त्यामुळे तिच्या हिरड्या मोजायचे कोणाला सुचले नाही. आता फोटो आधी पाठवले जातात, म्हणून ही घाई.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय 56, उदगीर) हिरड्या गेल्या दोन वर्षांत वाढून दात झाकू लागल्या आहेत. ते रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची गोळी घेतात आणि सकाळी मिश्री लावतात. यांनाही हिरड्या कापून घ्याव्या लागतील का?

उत्तर : आधी गोळीचा विचार करावा. अम्लोडिपिन व निफेडिपिन, फिट्सवरील फेनिटोइन आणि मूत्रपिंड-रोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात, आणि दातांवर कीट साचलेले असेल तर अधिकच. गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नये. ती बदलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. दरम्यान दात स्वच्छ करून घ्यावेत आणि मिश्री सोडावी, कारण ती तंबाखूच आहे. त्यानंतरही वाढ उरली, तरच कापण्याचा विचार करावा. मात्र हिरड्या काही आठवड्यांतच फुगल्या असतील आणि सोबत ताप, फिकटपणा किंवा रक्तस्राव असेल, तर दंतवैद्याच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.