नॉर्वेत इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये पीएचडी: खानापूरच्या मुलीला उत्तर

तू विचारलंयस, "दादा, मी व्हीटीयूतून, म्हणजे बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठातून, इन्फर्मेशन सायन्समध्ये बीई आणि मग एमटेक केलंय. ओस्लोला पीएचडीचा अर्ज करतेय. बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यात जमिनीच्या उताऱ्यांवर केलेलं काम लिहू, की सगळे म्हणतात तसं फक्त मशीन लर्निंगचं प्रोजेक्ट दाखवू?"

उताऱ्यांचं काम पहिल्याच पानावर लिही.

कर्नाटकानं 'भूमी' या जमीन-नोंदींच्या प्रकल्पात सुमारे 2 कोटी उतारे कॉम्प्युटरवर आणले, तलाठ्याच्या हातची वही गेली. आता आपल्याकडचा शेतकरी बघ. बोलणं मराठी, उतारा कानडीत. आडनाव उताऱ्यावर एक, आधारवर दुसरं. कर्जाला गेला की दोन्ही जुळवून आणा म्हणतात. कॉम्प्युटरवाला म्हणेल, नावं जुळवणारा प्रोग्रॅम लिहितो. पण जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, वारसांची नोंद झालेली नसेल, बहिणींचा हिस्सा लटकलेला असेल, तर प्रोग्रॅम काय जुळवणार? इथं कायदा, भाषा, भाऊबंदकी आणि डेटाबेस एकत्रच बघावे लागतात. हे तुला घरातूनच कळतं, इथल्या, ओस्लोतल्या कितीतरी हुशार पोरांना कळत नाही.

आणि ओस्लोत हे कुणाला नवल वाटणार नाही. नॉर्वेच्याच ज्या क्रिस्टन न्यूगोरनं ओले-योहान दालबरोबर 1960 च्या दशकात सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली, आज सगळे शिकतात ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग जिच्यातून आलं, तोच माणूस 1970 च्या सुरुवातीला लोखंड कामगारांच्या युनियनबरोबर बसून कामगारांना कॉम्प्युटरबद्दल काय म्हणायचंय ते समजून घेत होता. मला हे फार मोठं वाटतं. ओस्लोच्याच विद्यापीठातून वाढलेली डीएचआयएस2 ही आरोग्य-माहितीची सिस्टिम आज 70 पेक्षा जास्त देशांत चालते. तिची सुरुवात 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत, आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर काम करत झाली.

एक मात्र सांभाळ. चार विषयांचं थोडं थोडं घेऊन गेलीस तर परीक्षक पहिल्या प्रश्नालाच अडवतील. एक पद्धत पक्की धर: मुलाखती आणि प्रत्यक्ष निरीक्षण, नाहीतर सिस्टिम बांधून तपासणं. बाकीच्या विषयांतून लागेल तेवढंच घे. को-गाईड कायद्याचा किंवा मानववंशशास्त्राचा मिळाला तर उत्तम.

पैशाचं थोडक्यात. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते, 3 वर्षांची, शिकवण्याचं काम धरलं तर 4. जागा जॉबनॉर्गे या नोकऱ्यांच्या साइटवर येतात, एजंटला एक रुपया देऊ नकोस. मास्टर्सला मात्र युरोपबाहेरच्यांना 2023 पासून फी आहे, म्हणून ती वाट खर्चाची.

प्रस्तावात तहसील कचेरीतला एकच प्रसंग घे आणि सविस्तर लिही: कोण रांगेत होतं, कुठला कागद परत आला, का आला. खानापूर कुठं आहे ते दोन ओळींत सांग. मसुदा झाला की पाठव, मी वाचतो.