राणीला कोणाच्या हाती द्यावे?

प्रश्न : आमच्याकडे राणी नावाची पाच वर्षांची लॅब्राडॉर कुत्री आहे. माझे पती कामाला होते तो कारखाना दिवाळीनंतर बंद पडला. घराचे हप्ते थकले, म्हणून सांगलीतले राहते घर विकून आम्ही दोन महिन्यांनी मिरजेत दोन खोल्यांत भाड्याने जाणार आहोत. तिथल्या घरमालकांनी कुत्रे चालणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे, आणि तिच्या खाद्याचा व औषधांचा खर्चही आता झेपत नाही. सासूबाई म्हणतात, हायवेवरच्या एखाद्या ढाब्यावर सोडा, तिथे खायला भरपूर मिळेल. पिल्ले विकण्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ तिचे पंधरा हजार रुपये द्यायला तयार आहेत, आणि आज आम्हाला ती रक्कम मोठी आहे. नऊ वर्षांचा मुलगा तिच्याशिवाय झोपत नाही. त्याला ‘राणीला गावाला पाठवले’ असे सांगावे का? तिला देऊन टाकण्याचा विचार आला तरी विश्वासघात केल्यासारखे वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी आलेला ‘विश्वासघात’ हा शब्द आधी मनातून काढून टाका. डोक्यावरचे छप्पर जात असताना आपल्या कुत्रीचे पुढे काय होईल याची चिंता करणारी बाई विश्वासघात करत नसते. मात्र तिला चांगल्या घरी देणे आणि कुठेतरी सोडून येणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे, आणि पैशाची ओढाताण जसजशी वाढते तसतसे माणूस नकळत दुसऱ्या गोष्टीकडे ढकलले जाते. तुमच्या हाती अजून दोन महिने आहेत, म्हणून शोध याच आठवड्यात सुरू करा.

सासूबाईंना ढाबा सुचला तो वाईट हेतूने नव्हे, पण तिथे काय घडते हे त्यांना समजावून सांगा. ढाब्यावरची कुत्री आपल्या हद्दीत नवे कुत्रे येऊ देत नाहीत. घरात वाढलेल्या राणीला त्यांच्याशी झुंजण्याची सवय नाही आणि भरधाव गाड्या चुकवत रस्ता ओलांडण्याचीही नाही. तुमची गाडी निघाली की ती तिच्यामागे धावेल, आणि अशा वेळी अपघात होऊ शकतो. शिवाय उपाशी राहण्याची शक्यता असेल अशा स्थितीत पाळीव जनावर सबळ कारणाविना सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा 10 ते 50 रुपयांचा दंड आज हास्यास्पद वाटावा इतका कमी असला, तरी कायदा या कृतीला क्रूरताच मानतो.

पंधरा हजारांबद्दल मी अधिक कठोरपणे लिहिणार आहे. पाच वर्षांची निरोगी लॅब्राडॉर मादी अशा व्यवसायात कशासाठी हवी असते हे उघड आहे. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे व्यावसायिकाकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते आणि मादीला वर्षातून एकाहून अधिक वेत येऊ देता येत नाही. त्या गृहस्थांकडे नोंदणीचा कागद मागून पाहा. पण तो निघाला तरी माझा सल्ला नकाराचाच राहील, कारण सोबतीला वाढलेली कुत्री उरलेले आयुष्य पिंजऱ्यात वेते काढण्यात घालवेल. राणीचे गर्भाशय काढलेले नसेल तर नव्या घरी देण्यापूर्वी ती शस्त्रक्रिया करून घ्या. मग ‘आम्हाला घरी पाळायलाच हवी’ असे सांगून कोणी तिला पिल्लांसाठी नेण्याचा प्रश्नच उरत नाही. खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, ज्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो तिथे, आधी चौकशी करा. तिथे कुत्र्यांवरही नाममात्र शुल्कात उपचार होतात, आणि शस्त्रक्रियेची सोय नसली तर कुठे जावे हे डॉक्टर सांगतील. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे. रेबीजची लस चुकली असेल तर तीही तिथेच देऊन घ्या.

खाद्याचा खर्च मात्र लगेच कमी करता येईल. भात, उकडलेली अंडी, कोंबडीची कलेजी किंवा मांसाचे स्वस्त तुकडे आणि लाल भोपळा असे बिनमसाल्याचे घरचे जेवण तिला चालेल. हा बदल सात-आठ दिवसांत, तयार खाद्यात थोडे थोडे मिसळत करावा, नाहीतर पोट बिघडते. कांदा-लसूण घातलेली आमटी देऊ नये, आणि आपल्या भागात घरोघरी असणारे बेदाणे तर अजिबात नाहीत, कारण द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नव्या घरच्यांनाही हे आवर्जून सांगा.

घर शोधताना नातेवाईक, पतीचे जुने सहकारी आणि तिला ओळखणारे पशुवैद्य यांच्यापासून सुरुवात करावी. ‘फुकट द्यायची आहे’ अशी जाहिरात अनोळखी लोकांपुढे टाकू नये. जे कुटुंब तयार होईल त्याच्या घरी स्वतः जाऊन या. ती रात्री कुठे झोपणार, दिवसभर साखळीला तर राहणार नाही ना, घरातल्या सगळ्यांचा होकार आहे का, हे नि:संकोच विचारावे. या प्रश्नांचा राग येणाऱ्या माणसाकडे राणी देऊ नये. कोणी फक्त राखणीसाठी मागत असेल तर लॅब्राडॉर त्या कामाची नव्हे, आणि ती भुंकत नाही म्हणून तिला मार बसेल. लसीकरणाचे पुस्तक, तिचे अंथरूण आणि सवयींची चिठ्ठी सोबत द्या. ‘सांभाळणे शक्य न झाल्यास प्रथम आम्हाला कळवू’ एवढी एक ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या.

मुलाला ‘गावाला पाठवले’ असे सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाला घरातली ओढाताण कळत असते, आणि ती परत येईल या आशेवर तो महिनोन्‌महिने वाट पाहील. बाबांची नोकरी गेली, नव्या घरात तिला ठेवता येत नाही, आणि यात त्याचा किंवा राणीचा काही दोष नाही, हे पतीने आणि तुम्ही दोघांनी मिळून सांगावे. निवडलेले घर त्याला आधी दाखवा आणि सवयींची चिठ्ठी त्यालाच लिहू द्या, कारण ती कशाला घाबरते आणि कान कुठे खाजवले की शांत होते हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असेल. तो रडेल, त्याला रडू द्या, आणि ‘दुसरे कुत्रे आणू’ असे आश्वासन आत्ता देऊ नका. भेटीला जायचे ते नव्या घरच्यांच्या संमतीने, राणी तिथे रुळल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. तोवर फोनवरून तिचे फोटो मागवा.